टॉक टॉकचे पाच अल्बम कोणत्या क्रमाने ऐकावेत

टॉक टॉक या लंडनच्या बँडने १९८२ ते १९९१ या काळात अवघे पाच स्टुडिओ अल्बम काढले. पहिला आणि शेवटचा लागोपाठ ऐकले, तर ते एकाच बँडचे आहेत यावर विश्वास बसत नाही. म्हणून नव्या श्रोत्याने सुरुवात मधल्या, म्हणजे १९८६ च्या ‘द कलर ऑफ स्प्रिंग’पासून करावी, असे माझे ठाम मत आहे. इथे सिंथेसायझर मागे सरतो आणि पियानो, ऑर्गन, गिटार अशी खरी वाद्ये पुढे येतात, तरीही गाण्यांचा ओळखीचा साचा अजून शाबूत असतो. ‘लाइफ्स व्हॉट यू मेक इट’ ऐकताना पियानोच्या खालच्या पट्टीतील आवर्तनाकडे लक्ष द्यावे. ते हटत नाही. बदलते ते त्याच्या भोवतीचे सारे.

त्यानंतर मागे जाऊन पहिले दोन अल्बम एकेकदा ऐकले तरी पुरे. त्यांतील सिंथपॉप, म्हणजे सिंथेसायझरवर उभे असलेले पॉप, नेटके आहे, पण गायक मार्क हॉलिसचा आवाज तिथे सजावटीखाली दबला आहे, असे मला वाटते.

१९८८ च्या ‘स्पिरिट ऑफ ईडन’ला मात्र सवड काढून बसावे. ‘द कलर ऑफ स्प्रिंग’च्या यशामुळे स्टुडिओत भरपूर वेळ घालवणे बँडला परवडले आणि हॉलिस व निर्माता टिम फ्रीज-ग्रीन यांनी तो वेळ पुरेपूर वापरला. जवळपास काळोख केलेल्या स्टुडिओत पाहुणे वादक उत्स्फूर्तपणे वाजवत. त्या प्रदीर्घ वादनातून मोजके तुकडे निवडून रचना जोडल्या गेल्या आणि बाकीचे सारे टाकून दिले गेले. त्यामुळे हा अल्बम ऐकताना कोणते वाद्य केव्हा थांबते, हे टिपावे. ‘द रेनबो’च्या आरंभी दूरवरून ट्रम्पेट येते, मग बराच वेळ लय धरतच नाही, आणि गिटारचा स्वर अखेर उमटतो तेव्हा तो अंगावर येतो. पहिल्या तीन रचना एकमेकींत मिसळलेल्या आहेत. त्या तोडून ऐकू नयेत.

१९९१ च्या ‘लाफिंग स्टॉक’पर्यंत बास वाजवणारा पॉल वेब बँड सोडून गेला होता. या अल्बममधील ‘न्यू ग्रास’ हे गाणे साडेनऊ मिनिटांहून मोठे आहे आणि त्यात ली हॅरिसचा ड्रमचा ठेका जवळजवळ तसाच चालू राहतो. पहिल्यांदा ऐकताना फक्त तो ठेका धरून ठेवावा, बाकीची वाद्ये दुसऱ्या खेपेस आपोआप उलगडतात.

शेवटी हॉलिसचा १९९८ चा स्वतंत्र अल्बम लावावा. सुरुवातीला काही सेकंद काहीच ऐकू येत नाही. तेव्हा आवाज वाढवू नये, पियानो येईपर्यंत थांबावे.