वळवाआधी मोटारीच्या पेटीत एसपीडी: निवडताना काय बघाल

रोहिणी नक्षत्र तोंडावर आलंय. दुपारनंतर ढग जमू लागले की आपली धावपळ असते ती कडबा झाकायची, जनावरं आत घ्यायची. विहिरीवरची मोटारीची पेटी तेव्हा कुणाच्या ध्यानात येत नाही. आणि मग एका कडकडाटानंतर लाइट येते, पण मोटार काही उठत नाही.

त्यासाठी वीज पेटीवरच पडावी लागते असं नाही. तारांच्या आसपास कुठे पडली तरी क्षणभर हजारो व्होल्टचा दाब तारेतून पेटीपर्यंत येतो. त्यातही पाणबुडी मोटारीला धोका जास्त. ती पाण्यात बसलेली, म्हणजे जमिनीशी पक्की जोडलेली. दाब वाइंडिंगचं, म्हणजे मोटारीतल्या तारेच्या गुंडाळीचं, इन्सुलेशन फोडून तिथूनच उतरतो. फ्यूज किंवा एमसीबी पडेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं, कारण ही लाट मायक्रोसेकंदांची असते. एसपीडी म्हणजे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस हे त्यासाठीच बनलेलं आहे. दाब वाढला की ते लाटेला अर्थिंगची वाट मोकळी करतं, दाब उतरला की पुन्हा बंद होतं.

पंपाच्या पेटीला साधारण टाइप २, म्हणजे तारेतून येणाऱ्या लाटेसाठीचा, चालतो. शेडवर किंवा घरावर तडितरक्षक बसवला असेल तर मुख्य पेटीत टाइप १, म्हणजे विजेचा मोठा प्रवाह वाहून नेणारा, किंवा १ + २ असा एकत्रित लागतो. दुकानदार आधी किलोअँपिअरचा आकडा दाखवेल, म्हणजे तो केवढी लाट सोसतो. २० नॉमिनल (वारंवार सोसता येईल तेवढी) आणि ४० कमाल (एखाद्या वेळची) एवढा पुरतो, त्यापुढच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका. मी आधी यूसी बघायला सांगेन, म्हणजे तो कायम किती व्होल्ट सोसू शकतो. शहरात २७५ चा सर्रास बसवतात. आपल्याकडे रात्री डीपीवरचा भार उतरला की व्होल्टेज चढतं आणि न्यूट्रल तुटला तर एखाद्या फेजवर त्याहून कितीतरी जास्त येतं. तिथे २७५ चा एसपीडी वीज न पडताच जळतो. ३२० किंवा ३८५ चा घ्या. त्याची संरक्षण पातळी, म्हणजे यूपी (लाटेच्या वेळी मोटारीपर्यंत पोचू दिलेला दाब), थोडी वर जाते, पण ती दीड किलोव्होल्टच्या आसपास असली तर ठीक. पेटीत न्यूट्रल आणलेला असेल तर ३+१ जोडणीचा मागा, म्हणजे तिन्ही फेज न्यूट्रलकडे आणि न्यूट्रल अर्थकडे. नसेल तर घेण्याआधीच तसं सांगा, कारण जोडणी बदलते. एसपीडीच्या आधी कंपनीने सांगितलेल्या क्षमतेचा फ्यूज किंवा एमसीबी हवाच.

आता अर्थिंग. इथेच बहुतेकांचा पैसा वाया जातो. पेटीमागे मुरमात फूटभर खुपसलेली सळई म्हणजे अर्थिंग नव्हे. खोल इलेक्ट्रोड, भोवती कोळसा-मीठ, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी. बोअरला लोखंडी केसिंग असेल तर तेही याच अर्थिंगला जोडून घ्या. नाहीतर एसपीडीची जमीन वेगळी, मोटारीची वेगळी, आणि मधल्या फरकाचा दाब पुन्हा वाइंडिंगवरच. तांब्याची तार किमान ६ चौरस मिलिमीटरची, सरळ आणि आखूड. फेजपासून एसपीडी आणि तिथून अर्थ पट्टी, दोन्ही मिळून अर्ध्या मीटरच्या आत. लाटेच्या वेळी मीटरभर तारेवरच हजारभर व्होल्ट चढू शकतात, म्हणून वेटोळं करून ठेवलेली जादा तार कापून टाका.

सौर पंपाला एसी एसपीडी लावू नका, तिथे डीसीचाच लागतो. त्याचा यूसी ओळीतल्या सगळ्या पॅनलच्या मिळून ओपन सर्किट व्होल्टेजपेक्षा (भार नसतानाच्या व्होल्टेजपेक्षा) वर हवा. ५० व्होल्टची १२ पॅनल एका ओळीत असतील तर ६०० होतात, थंडीच्या सकाळी त्याहूनही वाढतात. म्हणून ८०० किंवा १००० चा. ऊन असेपर्यंत पॅनलकडून येणाऱ्या तारा जिवंत असतात हे विसरून पेटीत हात घालू नका.

एसपीडी सिंगल फेजिंग (तीनपैकी एखादी फेज जाणं) किंवा कमी व्होल्टेज थांबवत नाही, ते प्रिव्हेंटरचं काम. थेट पडलेल्या विजेपुढेही त्याचा भरवसा नाही. म्हणून पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप मोबाइलवर ठेवा आणि इशारा येताच, गडगडाट जवळ यायच्या आधी, मेन स्विच पाडा. ऑटो स्विच असेल तर तोही बंद. एकदा कडकडाट सुरू झाला की पेटीकडे जायचं नाही. जळलेली मोटार पुन्हा भरता येते, जीव नाही.

पाऊस ओसरल्यावर एसपीडीची खिडकी बघा. हिरवी असेल तर ठीक, लाल झाली असेल तर ते कार्ट्रिज संपलं. नवं वायरमनकडून लाइट बंद करूनच बसवा आणि एक जादा घरी ठेवा, कारण ऑक्टोबरचा परतीचा पाऊसही विजा घेऊनच येतो.