फोंतेन्यास पाहायचं तर झऱ्यापासून सुरुवात करा

फोंतेन्यास ही पणजीतली जुनी वस्ती. तिथल्याच मळा नावाच्या भागात माझं बालपण गेलं. पुण्या-मुंबईहून पाहुणे आले की म्हणतात, "ती रंगीत घरं दाखव ना!" मी त्यांना आधी पाणी दाखवते.

सकाळी सातच्या आत निघा आणि गाडी आणू नका, गल्ल्या अरुंद आहेत. कदंबा बसस्टँडकडून पाटोचा पादचारी पूल ओलांडून डावीकडे वळा. आल्तिन टेकडीच्या पायथ्याशी, मळ्यात झरा आहे. 'फोंतेन्यास' म्हणजे छोटे झरे; वस्तीला नाव मिळालं ते यावरून. पूर्वी इथे माडांची बाग होती. मोझांबिकमध्ये पैसा कमावून आलेल्या आंतोनियो जुआंव द सिकेर या गोवेकराने अठराव्या शतकाच्या अखेरीस ती वसवली. लोक त्याला 'मोसमीकार', म्हणजे मोझांबिकवाला, म्हणत. पुढे 1843 मध्ये पणजी राजधानी झाली आणि वस्ती दाटली.

झऱ्यावरून सेंट सेबेस्टियनच्या कपेलाकडे, म्हणजे छोट्या चर्चकडे, या. दार उघडं असेल तर आतला क्रूस नीट पाहा. एरवी क्रुसावरच्या येशूचे डोळे मिटलेले असतात, मान कललेली असते. इथे डोळे उघडे आणि मान ताठ. हा क्रूस मूळचा ओल्ड गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंडाचे खटले चालवणाऱ्या पोर्तुगीज धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला. तिथून तो पणजीत आदिलशहाच्या राजवाड्यात आला आणि 1918 मध्ये इथे. हे ठाऊक असलं की त्या उघड्या डोळ्यांसमोर उभं राहणं सोपं जात नाही.

मग घरं. भिंतीच्या रंगावर थांबू नका, जुनी खिडकी शोधा. लाकडी पट्ट्यांत शिंपल्यांचे पातळ चौकोनी तुकडे बसवलेले दिसतील. ऊन चढलं की त्यांतून दुधाळ उजेड आत झिरपतो. समोरचा माणूस मात्र दिसत नाही. माझ्या मावशीच्या घरात अशी एकच खिडकी उरली आहे. एक तुकडा फुटला तरी ती दिवसभर हळहळते.

आणि पायरीवर बसू नका. गेल्या डिसेंबरात मावशी दुधाची पिशवी घेऊन दारात आली, तर तिच्याच पायरीवर बसलेलं जोडपं तिला म्हणालं, "दोन मिनिटं थांबा, फोटो होऊ दे." ती थांबली. मला अजून त्याचा राग येतो.

खिडकीत कुणी दिसलं तर आधी "देव बरो दीस दिंव" म्हणा. कॅमेरा नंतर काढा, तोही विचारून.