शेरडांना झाडपाला देताना या चुका टाळा

परसात कोरफड, बांधाला निर्गुडी, दारात तुळस आणि फळीवर हळद-ओवा. दोन-चार शेरडं पाळणाऱ्या घरात औषधाची एवढी तयारी असतेच, आणि यातलं बरंचसं खरोखर उपयोगी आहे. तरीही शेळी हातची जाते. अशा वेळी बहुधा दोष औषधाचा नसतो. झाड दुसरंच निघतं, माप गायीचं असतं, पाजताना औषध फुप्फुसात उतरतं, नाहीतर झाडपाल्यानं बरं न होणाऱ्या दुखण्यावर दोन दिवस वाया गेलेले असतात.

नाव जवळचं, झाड वेगळं

सीमाभागात एकाच वनस्पतीला घरात मराठी नाव आणि बाजारात कानडी. वेखंड मागितलं की दुकानदार ‘बजे’ काढून देतो, निर्गुडीची ‘लक्की’ होते, कोरफडीची ‘लोळेसर’. इथं काही बिघडत नाही, वस्तू तीच मिळते. खरा घोटाळा लिंबात होतो. ‘बेवू’ म्हणजे कडुनिंब, पण ‘हुच्चबेवू’ म्हणजे बकाणनिंब. त्याची फळं जनावरांना विषारी आहेत. लिंबोळ्या समजून ती वाटून पाजली तर जुलाब, थरथर आणि मग शेळी आडवी.

ओळखायचं असं : कडुनिंबाच्या एकाच दांड्याला दोन्ही बाजूंनी करवती कडेच्या, किंचित वाकड्या पानांच्या जोड्या असतात. बकाणाच्या मुख्य दांड्याला आधी लहान दांडे फुटतात आणि पानं त्यांच्यावर येतात. कडुनिंबाचं फूल पांढरं, बकाणाचं जांभळट. लिंबोळी लांबट असते आणि पावसाळ्याच्या तोंडाला पिकून गळते. बकाणाची गोल पिवळी फळं मात्र पानं झडल्यावरही घोसांनी लटकत राहतात. हिवाळ्यात झाडावर ‘लिंबोळ्या’ दिसल्या तर हात लावू नका.

गायीचं माप शेळीला

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ वनौषधींच्या ज्या कृती शेतकऱ्यांपर्यंत पोचवतं, त्या मुख्यतः गायी-म्हशींच्या मापाच्या आहेत. चारशे किलोच्या गायीचा डोस तीस किलोच्या शेळीच्या पोटात घालणं म्हणजे औषधाचं विष करणं. उलट जंतांच्या औषधात नेमकी दुसरी चूक होते : अंदाजानं कमी दिलं जातं, जंत मरत नाहीत आणि त्या औषधाला सरावतात.

म्हणून आधी वजन. शिंप्याचा टेप पुरतो. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर घ्या आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०,८४०. घेर ७० आणि लांबी ६५ असेल तर वजन सुमारे २९ किलो. गाभण शेळीत हा हिशेब थोडा फसतो. तशीही गाभण शेळीला निंब, वावडिंग, पळसपापडी पोटातून देऊच नये.

पाजण्याची पद्धत

तोंड आकाशाकडे करून, जीभ बाहेर ओढून बाटली उपडी करायची, ही पद्धत इतकी रुळली आहे की ती चूक आहे असं कुणाला वाटतही नाही. जीभ ओढलेली असताना शेळीला गिळताच येत नाही. औषध श्वासनळीत जातं. पाणी गेलं तर एखादी वाचते, तेल गेलं तर फुप्फुसाची सूज सहसा सुटत नाही. मग दोन-तीन दिवसांनी ताप येतो, नाकातून घाण येते आणि घरचे म्हणतात, पोट तर बरं झालं होतं, मग हे काय नवीन?

शेळी उभी हवी. तोंडाची रेघ डोळ्याच्या उंचीपेक्षा वर नको. सुई काढलेली मोठी सिरिंज ओठाच्या कोपऱ्यातून, पुढचे दात आणि दाढांमधल्या मोकळ्या जागेत घाला. एका वेळी १० मिली, गिळल्याचं दिसलं की पुढचे १० मिली. खोकली की डोकं लगेच सोडा. आडव्या पडलेल्या, झटके येणाऱ्या किंवा गिळण्याचं भान नसलेल्या शेळीला तोंडानं काहीही देऊ नका, साधं पाणीसुद्धा नाही.

पोट : दोन दुखणी, उलटी औषधं

सगळ्यात जास्त शेरडं इथं जातात. डावी कूस वर आलेली दिसली की ‘फुगलं’ म्हणायचं आणि तेल पाजायचं. पण कूस भरण्याची कारणं दोन, आणि त्यांचं औषध एक नाही.

पहिली खरी पोटफुगी. दव पडलेला कोवळा लसूणघास किंवा ओला हरभऱ्याचा पाला भरपूर खाल्ल्यावर तासा-दोन तासांत डावी कूस वरच्या बाजूनं टम्म होते आणि बोटानं टिचकी मारली की ढोलासारखी वाजते. पोटात फेस झालेला असतो, वायू ढेकरेनं सुटत नाही. इथं तेल कामाचं, कारण ते फेस मोडतं. मोठ्या शेळीला ५० ते १०० मिली गोडं तेल, त्यात चमचाभर ओव्याची पूड आणि चिमूटभर हिंग. पुढचे पाय उंचवट्यावर येतील अशी उभी करा, डावी कूस चोळा आणि तोंडात लगामासारखी आडवी काडी बांधा, म्हणजे ती चघळत राहते आणि लाळ सुटते. अर्ध्या तासात ढोल उतरला नाही, किंवा शेळी तोंड उघडून श्वास घेऊ लागली, तर डॉक्टर. सुई किंवा सुरी खुपसून हवा काढण्याचे प्रयोग घरी नकोत; फेस असेल तर हवा येतही नाही आणि पोटातली घाण मात्र आत सांडते.

दुसरं दुखणं आम्लाचं. गावची जत्रा किंवा लग्न आटोपलं की उरलेला भात, पुरणपोळी, पिठाचे गोळे शेरडांपुढे येतात, किंवा ज्वारीचं पोतं फुटतं. आठ-दहा तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, शेळी मान टाकून उभी राहते, रवंथ बंद, लेंडीऐवजी आंबट वासाची पातळ हगवण. डावी कूस वाजत नाही, मळलेल्या कणकेसारखी दबते. इथं तेलानं काही साधत नाही. खाण्याचा सोडा दर किलो वजनाला १ ग्रॅम, म्हणजे तीस किलोच्या शेळीला ३० ग्रॅम, पाव लिटर पाण्यात विरघळवून सावकाश द्या. दाणा पूर्ण बंद, पुढे फक्त वाळला कडबा. ‘अशक्त झाली’ म्हणून गूळ किंवा भाकरी देणं ही यातली सगळ्यात महाग चूक, कारण साखर आणि पिठूळ पदार्थांनी पोटातलं आम्ल आणखी वाढतं. शेळी झोकांड्या देऊ लागली तर सोड्यावर भागत नाही, शिरेतून सलाईन लागतं.

अथणी, गोकाक, सौंदत्तीकडच्या शाळवाच्या रानात आणखी एक धोका असतो. शाळू काढून झाला, वळीव पडला आणि खुंटांना हिरवेगार फुटवे आले, की शेरडं तिकडे धावतात. या कोवळ्या फुटव्यांत सायनाइड तयार करणारा घटक असतो, त्याच्या विषबाधेलाच किरळ लागणं म्हणतात. चरता चरता धाप, थरथर, हिरड्या लालभडक आणि काही मिनिटांत खेळ आटोपतो. यावर कुठलाही पाला नाही. डॉक्टर शिरेतून सोडियम थायोसल्फेट देतात, तेही वेळेत पोचले तर. दीड-दोन फुटांच्या आतली ज्वारी चारूच नये. ताण पडून सुकत आलेली तर अजिबात नाही.

गोचिडांवर तंबाखू

निपाणी-चिकोडी पट्ट्यात तंबाखूचा भुगा फुकट मिळतो, म्हणून तो उकळून गोचिडांवर चोळतात. गोचीड मरतात हे खरं. पण निकोटिन कातडीतूनही अंगात शिरतं. लाळ गळणं, अंग थरथरणं, पाय लुळे पडणं, आणि करडू असेल तर संपलंच. तंबाखूचं पाणी कुठल्याच शेरडाला लावू नका. चुकून लावलं गेलं तर साबणानं खळखळून धुवा आणि हातावरही घेऊ नका.

त्याऐवजी हे करा : लसणाच्या १० पाकळ्या, कडुनिंबाचा मूठभर पाला आणि मूठभर लिंबोळ्या, वेखंड १० ग्रॅम, हळद २० ग्रॅम, तुळस मूठभर, घाणेरीचा पाला मूठभर. सगळं वाटा, १ लिटर पाण्यात कालवा, फडक्यानं गाळा आणि अंगावर फवारा. डोळे, नाक आणि सड वगळा. आठवड्यानं पुन्हा.

इथं तीन चुका हमखास होतात. एक, फवारा फक्त शेळीवर मारला जातो. पोट भरलेली गोचीड मादी खाली पडते आणि भिंतीच्या भेगेत अंडी घालते, म्हणून भेगा, दावणीच्या खालची बाजू आणि कुडाची मुळं भिजली पाहिजेत. दोन, कडुनिंबाचं तेल तसंच चोळतात. त्यानं कातडी भाजल्यासारखी होते. १ लिटर पाण्याला १० ते २० मिली तेल, तेही थोड्या साबणाच्या पाण्यात फेटून. तीन, गाळून उरलेला चोथा उकिरड्यावर, नाहीतर सरळ दावणीत टाकला जातो. त्यात घाणेरी असते. घाणेरी बाहेरून औषध, पोटात गेली की यकृताचं विष : डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा, लघवी गडद, आणि उन्हात गेलं की कान-नाकाची कातडी सोलते. चोथा पुरून टाका.

कास सुजली

कोरफड, हळद, चुना हा लेप गायीला २५०, ५० आणि १५ ग्रॅम असा असतो. शेळीला पाचवा हिस्सा बस्स : काटे काढलेली कोरफड ५० ग्रॅम, हळद १० ग्रॅम, खाण्याचा चुना ३ ग्रॅम, म्हणजे लहान अर्धा चमचा. चुना वाढवला तर सडाची नाजूक कातडी फाटते आणि शेळी पुढे धार काढू देत नाही.

लेप चांगला असूनही गुण येत नाही, कारण आत खराब दूध तसंच असतं. आधी कास धुवायची, सड पूर्ण रिकामे करायचे, मग पातळ लेप. वाळला की धुऊन पुन्हा, दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस. वाळलेल्या थरावर थर चढवत गेलात तर ते नुसतं लिंपण. लेप रोजचा रोज ताजा. दुखणाईत शेळीची धार शेवटी काढा, तिचं दूध जमिनीवर सांडू नका. कास थंडगार, निळी-काळी पडली असेल तर त्याच तासाला डॉक्टर, कारण मग जीव वाचवण्याचा प्रश्न असतो.

जंत

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस उदंड आणि भातखाचरं पाण्यानं भरलेली. खाचरातल्या गोगलगायींतून यकृतातला पानासारखा चपटा कृमी येतो. जबड्याखाली पाण्याची मऊ पिशवी लोंबू लागली की वावडिंगाची पूड सुरू होते, आणि पूड चालू असतानाच शेळी जाते. वावडिंग, पळसपापडी यांनी यकृतातला कृमी मरत नाही. त्याचं औषध वेगळं, आणि नेहमीच्या गोल जंतांचं वेगळं. दहा-बारा ताज्या लेंड्या पिशवीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या, मगच ठरवा. अल्बेंडेझोल गाभणपणाच्या पहिल्या महिना-दीड महिन्यात टाळायचं, गर्भात व्यंग येतं.

दर पंधरा दिवसांनी खालची पापणी ओढून आतला रंग बघा. लालसर असेल तर ठीक, फिका गुलाबी असेल तर लक्ष ठेवा, पांढरा पडला असेल तर रक्त पिणारे जंत आहेत. सगळ्या कळपाला दर महिन्याला औषध पाजण्यापेक्षा ही सवय स्वस्त पडते.

करडू

नाळेला हळद, राख किंवा शेण लावू नका. शेणातून धनुर्वाताचे जंतू आत जातात, आणि डब्यातली हळद निर्जंतुक नसते. नाळ लांब असेल तर दोन इंच ठेवून स्वच्छ ब्लेडनं कापा आणि टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. वार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही हा समज करडाच्या मुळावर येतो. दोन किलोच्या करडाला पहिल्या तासाभरात १०० मिली आणि दिवसभरात एकूण ३०० मिलीच्या आसपास चीक पोटात गेलाच पाहिजे.

जिथं झाडपाला थांबतो

आदल्या संध्याकाळी उड्या मारणारं गुबगुबीत करडू सकाळी मेलेलं सापडतं. नजर लागलेली नसते, तो आंत्रविषार असतो, म्हणजे आतड्यातल्या जंतूंच्या विषानं होणारा रोग. त्याची लस पावसाआधी, मे महिन्यात. पहिल्यांदा टोचत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा. पीपीआर ही शेळ्या-मेंढ्यांची विषाणूची साथ; तिची लस तीन-चार महिन्यांच्या वयाला. ताप, तोंडात फोड, डोळ्या-नाकातून घाण आणि हगवण अशी एकदम दोन-तीन शेरडांत दिसली तर काढे उकळत बसू नका. आठवडी बाजारातून आणलेली शेळी तीन आठवडे वेगळी बांधा, तिचं पाणीही वेगळं. पीपीआर गोठ्यात येतो तो बहुधा अशाच नव्या जनावराबरोबर.

विषारी काही खाल्लं असेल तर पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक १९६२. फोनवर शेळीचं वजन, काय खाल्लं, किती वेळ झाला आणि घरी काय पाजलं हे सांगा. पाजलेलं लपवलं तर डॉक्टरांचा अंदाज चुकतो. आणि खाल्लेल्या झाडाची डहाळी तोडून जवळ ठेवा. तुमची ‘कण्हेर’ कानडी डॉक्टरांना कळेलच असं नाही, त्यांची ‘कणगिल’ तुम्हाला कळेलच असं नाही. डहाळी दोघांनाही ओळखता येते.