आत्मपरीक्षण करताय? मग या चुका टाळा

‘संवाद वाढवायला हवा.’ आढाव्याच्या टिपणात हे वाक्य दिसलं की मी ते सरळ खोडते. ‘वेळेचं नियोजन सुधारू’ आणि ‘सकारात्मक राहू’ हेही बहुतेक वेळा त्याच पानावर असतात. या वाक्यांना कोणी विरोध करत नाही आणि सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं हेही त्यातून कोणाला कळत नाही. टीमचे आढावे घेणं हे माझं काम आहे. बैठक संपल्यावर काही जण स्वतःच्या वह्याही घेऊन येतात. दोन्हीकडे चुका त्याच.

घटना बाजूला, निष्कर्ष आधी

एका टीमचं काम मुदतीत गेलं नाही. आढावा झाला, संवाद वाढवायचं ठरलं. पुढच्या कामात पुन्हा तेच झालं आणि पुन्हा संवाद वाढवायचं ठरलं. मग मला बोलावलं. मी म्हटलं, निष्कर्ष जरा बाजूला ठेवा, मेल उघडा. तारीख अलीकडे आली हे कोणाला, कधी आणि कसं कळलं ते दाखवा.

मेल सापडला. लांबलचक होता, सीसीमध्ये निम्मं ऑफिस होतं. नवी तारीख शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, एका वाक्याच्या पोटात दडलेली. जिच्या हातात काम होतं तिने वरच्या ओळी वाचून ‘नोटेड’ असं उत्तर पाठवलं होतं. ते पाहून मॅनेजरने धरून चाललं की तारीख पोहोचली. म्हणजे संवाद कमी नव्हताच, उलट जास्त होता. त्यात ‘संवाद वाढवायचा’ म्हणून पहिल्या आढाव्यानंतर सीसीत आणखी माणसं घातली होती!

शेवटी ठरलं ते एवढंच: तारीख बदलली तर ती मेलच्या विषयात लिहायची, आणि उत्तर देणाऱ्याने ‘नोटेड’ न लिहिता ती तारीख स्वतः टाइप करायची. बैठकीत एक-दोघांचा चेहरा पडला. इतका खटाटोप करून निघालं काय, तर हे? हो, हेच निघतं. भव्य काहीतरी हाती लागावं ही हौस असेल, तर आढावा घेऊ नये, भाषण करावं.

अमेरिकी सैन्यात १९७० च्या दशकापासून सराव संपला की आढावा घेण्याची पद्धत रुळली. त्यातले प्रश्न साधे आहेत: काय व्हायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय टिकवायचं आणि काय बदलायचं. कॉर्पोरेट जगाने ही पद्धत उचलली, पण पहिले दोन प्रश्न उरकून टाकायची घाई सोबत आणली. माझ्या बैठकीत अर्ध्याहून जास्त वेळ त्या दोनांवरच जातो. ‘हे आम्हाला माहीतच आहे’ असं जो म्हणतो, त्यालाच मी आधी सांगायला लावते. बहुधा शेजारी बसलेल्याला काहीतरी वेगळंच आठवत असतं.

रवंथाला चिंतन समजणं

ही माझी दुसरी लाडकी चूक. वही भरलेली असते, पण पानोपानी एकच प्रश्न: ‘मी अशी का आहे?’ ‘माझ्याच बाबतीत असं का होतं?’ मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-होक्सेमा यांनी अशा घोळवण्याचा बरीच वर्षं अभ्यास केला. मन खिन्न असताना त्याच त्या गोष्टी उगाळत बसलं की खिन्नता लांबते, असं त्यांना दिसलं. २००२ साली अँथनी ग्रँट आणि सहकाऱ्यांनी स्वतःबद्दल विचार करणं आणि स्वतःबद्दल स्पष्टता असणं या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या. नियमित डायरी लिहिणाऱ्यांचे गुण पहिल्यात जास्त आले आणि दुसऱ्यात कमी. डायरीमुळे स्पष्टता घटते असा याचा अर्थ नाही. गोंधळलेली माणसंच जास्त लिहीत असतील. पण ‘मी रोज लिहिते, म्हणजे मला स्वतःची जाण आहे’ हा भ्रम मात्र यावरून सोडावा.

ओळखायचं कसं? मी एकच गोष्ट बघते: पानावर वेळ, जागा, माणूस आणि बोललेलं वाक्य आहे का? ‘मी फार चिडकी आहे’ यातून काही निघत नाही. ‘मी आकडे सांगत असताना त्याने दुसऱ्यांदा मध्येच तोडलं, माझा आवाज चढला, मी “मग तूच कर” म्हटलं’ यातून निघतं. पुढच्या वेळी पहिल्यांदा तोडल्यावरच ‘दोन मिनिटं, एवढं संपवते’ म्हणता येईल. ‘का’ हा प्रश्न मी स्वतःला एकदाच विचारते. दुसऱ्यांदा तोंडावर आला की त्याजागी ‘नेमकं काय झालं’ आणि ‘आता काय’ घालते. फारच गुंता झाला तर स्वतःबद्दल नावाने लिहिते, जणू मैत्रिणीची हकीकत. ईथन क्रॉस या मानसशास्त्रज्ञाचे स्वतःला नावाने संबोधण्यावरचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. त्याने थोडं अंतर मिळतं. लोक हसतात, हसू द्या.

बाकीच्या, थोडक्यात

आठवड्याचं सगळं रविवारी आठवून लिहिणं. निकाल कळल्यावर ‘मला आधीच वाटलं होतं’ असं प्रत्येकालाच वाटतं; बारूख फिशहॉफ यांनी हे १९७५ मध्येच प्रयोगातून दाखवलं होतं. निर्णय घेतानाच काय वाटतंय ते दोन ओळींत लिहून ठेवा.

फक्त फसलेल्याचाच आढावा. जमलेलं काम का जमलं हे माहीत नसेल, तर तो योगायोगही असू शकतो.

अंथरुणात पडून दिवसाचा हिशेब मांडणं. झोप जाते, हाती काही लागत नाही. मी जेवणाआधी, टायमर लावून लिहिते.

चॅटबॉटला ‘माझ्या आठवड्यातून काय शिकायचं ते सांग’ म्हणणं. टिपण सुरेख येईल, पण आठवायचे कष्ट वाचले म्हणजे कामाचा भागच वगळला. रोज नवं ॲप शोधणाऱ्यांना तर मी सल्ला देणंच सोडलंय.

चार दिवस लिहून ‘काही फरक नाही’ म्हणणं, आणि नेमकं उलट, जुनी जखम रोज उकरणं. जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या मूळ प्रयोगात मनावर ओझं असलेल्या प्रसंगांबद्दल रोज १५ मिनिटं, सलग ४ दिवस लिहायला सांगितलं होतं, जन्मभर नाही. लिहून झाल्यावर लगेच बरं वाटेल असंही नाही. त्या वेळी अनेकांना जास्त उदास वाटलं होतं. झोप, भूक, कामावर जाणं यांवर परिणाम होत असेल तर वही बंद करून समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जा.

आणि आपल्याला झालेला साक्षात्कार समोरच्याला ऐकवणं. ‘मी खूप विचार केला, माझ्या लक्षात आलं की...’ अशी सुरुवात झाली की त्याला फक्त मान डोलवायची उरते. त्याऐवजी ‘त्या दिवशी तुला काय दिसलं?’ एवढं विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत खुलासा करू नका. ‘पण’ने सुरू होणारं वाक्य तोंडात येईलच, ते कागदावर लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी बघू.