एनटाइलमुळे सारख्या वॉलेटांना वेगळी बक्षिसं: शेवटी काय चाललं

आर्बिट्रम या इथेरियमवर आधारित ब्लॉकचेनवरच्या आमच्या छोट्या प्रकल्पात सक्रियतेनुसार वापरकर्त्यांचे चार गट पाडून बक्षिसं द्यायची होती. गट पाडायला एनटाइल (ओळींचे समान गट करणारं एसक्यूएल फंक्शन) वापरलं. लक्षण असं: दोन वॉलेटांचे (क्रिप्टो खात्यांचे) व्यवहार तीन-तीनच, तरी एक दुसऱ्या गटात, दुसरं तिसऱ्यात. क्वेरी पुन्हा चालवली की जागा बदलायच्या. वरच्या गटात तर बॉटच बॉट, म्हणजे आपोआप व्यवहार करणारे प्रोग्रॅम.

गट पाच करून पाहिले, लॉगरिदम घेतला, फरक शून्य. दोन रात्री नुसतं डोकं फोडलं.

दोष एनटाइलच्या वापराचा. ते ओळी मोजून समान वाटण्या करतं, आकडा सारखा आहे का हे बघत नाही. बरोबरीच्या ओळींचा क्रमही ठरलेला नसतो.

चाललेला क्रम असा. आधी अयशस्वी व्यवहार गाळले. मग प्रत्येक वॉलेटच्या पत्त्याला पहिलं ईथर (इथेरियमचं चलन) कुठून आलं ते काढून, एकाच पत्त्याने पोसलेली वॉलेटं एक धरली. (एक्स्चेंजचे, म्हणजे क्रिप्टो बाजारांचे, आणि ब्रिजचे, म्हणजे एका ब्लॉकचेनवरून दुसरीवर पैसे नेणाऱ्या सेवांचे, पत्ते यातून वगळा, नाहीतर अनोळखी माणसं एका घरची होतात.) त्यानंतर व्यवहार न मोजता, किमान एक व्यवहार झालेले वेगवेगळे आठवडे काउंट डिस्टिंक्टने (एकच गोष्ट एकदाच मोजणारं एसक्यूएल) मोजले. वॉलेटांची जोडणी मोजणीआधीच करा. उलट केलं तर तोच आठवडा दोनदा धरला जातो. एका रात्रीत चारशे स्वॅप (टोकनची अदलाबदल) करणारा बॉट इथे 1 आठवड्यावर आला. शेवटी एनटाइल काढून केस व्हेनने (एसक्यूएलमधली अट) आठवड्यांच्या ठरलेल्या मर्यादा लावल्या: 1, 2 ते 4, 5 ते 9, 10 किंवा जास्त.

आर्बिट्रमच्या 2023 च्या एअरड्रॉपमध्येही (वापरकर्त्यांना मोफत टोकन वाटप) वेगवेगळे महिने मोजले होते, आणि सगळे व्यवहार 48 तासांत उरकलेल्यांचा एक गुण कापला होता. हे मी सगळं झाल्यावर वाचलं.