चीनमध्ये आलात? पहिलं अक्षर गिरवा ते 'सू'

शांघायला येऊन मला 11 वर्षं झाली. नवीन मंडळी घरभाडं, बँक, सिमकार्ड असलं विचारतात. ते ऑफिसातलं कुणीही सांगेल. शाकाहारी माणसांना मी आधी एकच सांगते: आल्या आल्या चौकटींची वही आणा आणि 'सू' (素) हे अक्षर हाताने गिरवा. सू म्हणजे शाकाहार.

मोबाइल भाषांतर करतो, मग गिरवायचं कशाला? माझ्या पहिल्याच आठवड्यात नूडल्सच्या एका छोट्या दुकानात मी मोबाइलवर 'मांस नको' हे वाक्य दाखवलं. मालकीणबाईंनी मान डोलावली, वाडगा आणला. वर तुकडा एकही नव्हता, पण तळाशी खिमा होता आणि रस्सा डुकराच्या हाडांचा. त्या दिवशी मी उपाशी घरी आले, रडलेही. पण बाईंनी फसवलं नव्हतं. 'पू याव रौ', म्हणजे मांस नको, हे बोलणं ताटाबद्दलचं आहे. वरचे तुकडे काढले की त्यांचं काम झालं. 'वो छ्र सू' म्हटलं की ते माणसाबद्दल होतं: मी शाकाहार पाळते. इथे बरेच भाविक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस खात नाहीत, त्यामुळे 'पाळणं' लोकांना ठाऊक आहे. पुष्कळदा पुढचा प्रश्न येतो, 'शिन फ्वो मा?' म्हणजे बुद्धाला मानता का? मी 'यिन्तू' म्हणते, भारत. तेवढ्यावर भागतं.

आता वही घ्या. शाळकरी मुलांची मिळते, प्रत्येक चौकटीत अधिकच्या चिन्हासारख्या तुटक रेषा असलेली. अक्षराला रेघा दहा. आधी दोन आडव्या, मग त्यांना छेदत वरून येणारी उभी, मग त्या उभीला खाली टेकू देणारी तिसरी आडवी, ही सगळ्यांत लांब. आपल्याला शिरोरेघ शेवटी ओढायची सवय असते. इथे वरची आडवी रेघ सर्वांत आधी. मी कितीतरी दिवस तिसरी रेघ आखूड काढत होते, आणि अक्षर दर वेळी कलल्यासारखं दिसायचं. त्याखाली कोपरात वाकवलेल्या हातासारखे दोन बाक, एक ठिपका, मग तळाशी डावीकडे आकडी असलेली उभी रेघ आणि तिच्या दोन अंगांना दोन छोटे फटकारे. हा खालचा भाग म्हणजे रेशमाचा धागा. अक्षराचा मूळ अर्थ न रंगवलेलं पांढरं रेशीम. त्यावरून कोरं, साधं, आणि त्यावरून साधं जेवण. हे कळल्यापासून मी हे अक्षर कधी विसरले नाही.

उच्चारात सूर वरून झपकन खाली पडतो, आपण 'हट्' म्हणताना पडतो तसा. आणि एक फार मोलाचं: रोमन लिपीत लिहिलेली चिनी इंग्रजीसारखी वाचू नका. तिथला 'बी' म्हणजे आपला प आणि 'पी' म्हणजे फ. 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ. 'झेड' म्हणजे 'चमचा'मधला च. हा च आपल्या तोंडात लहानपणापासून आहे, तो वापरा.

पाकिटावर सू दिसलं की लगेच पिशवीत टाकू नका. 'वेइ-शंग-सू' म्हणजे जीवनसत्त्व, प्रतिजैविकांच्या नावातही हेच अक्षर येतं. उलट 'सू-ची' वाचून घाबरू नका. शब्दशः शाकाहारी कोंबडी, पण असते सोयाबीनची. शाकाहार म्हटल्यावरही अंडं येऊ शकतं, म्हणून 'ची-तान' म्हणजे अंडं, 'चू-यौ' म्हणजे डुकराची चरबी आणि 'हाव-यौ' म्हणजे कालवांचं सॉस, ही तीन नावं त्याच वहीच्या पुढच्या पानावर घ्या.

सू-च्या उलट अक्षर 'हुन', म्हणजे सामिष. त्याच्या डोक्यावर मात्र गवताची खूण आहे, कारण मुळात तो शब्द लसणासारख्या उग्र वासाच्या भाज्यांचा. चिनी बौद्ध मठांत कांदा-लसूणही वर्ज्य असतो. माझ्या सासूबाई चातुर्मास पाळतात. इथे आल्या तेव्हा त्यांना मी युफो या बौद्ध मंदिरात नूडल्स खायला नेलं. परदेशात पहिल्यांदाच त्या काही न विचारता जेवल्या. नानजिंग रोडवरचं कुंग-त-लिन हे 1922 पासूनचं शाकाहारी उपाहारगृहही पाहुण्यांना घेऊन जाण्यासारखं आहे.

पण रोजचं जेवण गल्लीतच होतं. आमच्या कोपऱ्यावरच्या मावशी आता माझ्यासाठी कढई धुऊन घेतात आणि ऑर्डरच्या चिठ्ठीवर सू लिहितात. घाईत त्यांच्या दहा रेघांच्या पाच-सहा होतात, पण तिसरी आडवी लांबच असते.