जर्दाळू सल्ली बोटी बिघडते कुठे? या चुका टाळा

मटणात फळ म्हटलं की आपल्याकडे अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. बहुतेकदा त्यांनी नीट जमलेली जर्दाळू सल्ली बोटी, म्हणजे जर्दाळू घालून शिजवलेले आणि सल्लीबरोबर (बटाट्याच्या बारीक तळलेल्या सळ्यांबरोबर) वाढलेले मटणाचे तुकडे, हा पारशी पदार्थ खाल्लेलाच नसतो, किंवा बिघडलेला खाल्लेला असतो. मांसाबरोबर जर्दाळू आणि आलुबुखार शिजवायची इराणातली रीत जुनी आहे. पारशी मंडळी गुजरातच्या किनाऱ्यावर स्थिरावली, तसा त्या रश्शात गूळ आणि सिरका (व्हिनेगर) मुरला, पुढे मिरची आणि बटाटाही आला. त्यांच्या बोलीतलं ‘तीखुं, खाटुं, मीठुं’ या एका पदार्थात पुरतं उतरतं. तिखट आधी लागतं, आंबट मागून येतं आणि गोड शेवटी जिभेवर राहतं. यातलं एकही वरचढ झालं की पदार्थ गेला.

बिघडण्याचं मूळ जवळपास नेहमी एकच असतं : सगळं एकदम कुकरात टाकणं. मटणाला दीड-दोन तास मंद आच लागते, भिजलेल्या जर्दाळूला पंधरा-वीस मिनिटं, सिरक्याला पाच मिनिटं. सल्लीला तर रश्शाचा स्पर्श ताटात वाढतानाच व्हायला हवा. हा क्रम पाळला तर निम्म्या चुका आपोआप टळतात.

मटण चुकीचं घेणं

‘बोटी करायचीय’ म्हणून मांडीचं बिनहाडाचं, बिनचरबीचं मटण मागितलं जातं. दिसायला छान, पण लांब शिजवलं की ते कोरडं आणि धाग्याधाग्याचं होतं. खाटकाकडून खांद्याचं मागून घ्या. सतत वापरातल्या या भागात स्नायूंना धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या पडद्या जास्त असतात. साधारण 70 अंश सेल्सिअसच्या वर त्या हळूहळू विरघळतात आणि रश्शाला ओठांना चिकटणारा दाटपणा येतो. तो कॉर्नफ्लोअरने येत नाही. तुकडे दीड इंचाचे ठेवा. बोटी म्हणून हाड नको असेल तरी दोन नळ्या रश्शात शिजू द्याव्यात, असं माझं ठाम मत आहे. वाढताना हव्या तर बाजूला काढा.

दीड तासानंतरही मटण चिवट लागतंय? मग ते कमी शिजलंय. इथेच लोक घाबरून गॅस बंद करतात. अर्धी वाटी कडकडीत पाणी घाला, झाकण ठेवा, अजून अर्धा तास मंद आचेवर ठेवा. गार पाणी घातलं तर उकळी मोडते आणि शिजणं लांबतं. उलट मटण कोरडं आणि भुसभुशीत झालं असेल, तर ते जास्त शिजलंय आणि त्याला पूर्ववत करता येत नाही. अशा वेळी ते हातानं मोकळं करून रश्शातच मिसळा आणि पावाबरोबर खा. ते चांगलंच लागतं, फक्त त्याला बोटी म्हणता येणार नाही.

वेळ नसेल तर कुकर जरूर वापरा, पण फक्त मटण, कांदा आणि मसाल्यासाठी. गूळ आणि जर्दाळू कुकरात घातले की तळाला धरतात, आणि झाकण बंद असल्यामुळे वास येईपर्यंत कळतही नाही. तळ लागलाच तर खरवडू नका. ढवळूही नका. वरचा रस्सा पळीनं अलगद दुसऱ्या पातेल्यात काढून घ्या आणि चव बघा. बहुतेक वेळा वाचतो.

कांदा घाईत परतणं

अर्धा किलो मटणाला तीन मध्यम कांदे, बारीक चिरलेले. ते गुलाबी झाले की लगेच मसाला टाकायची सवय इथे नडते. कांदा मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, चांगला तांबूस होईपर्यंत परतायचा. रश्शाचा रंग आणि दाटपणा दोन्ही त्यातूनच येतात. मग भिजवलेली काश्मिरी मिरची, जिरं, आलं आणि लसूण यांचं वाटण घालून तेल सुटेपर्यंत परता. पूर्ण भाजलेलं वाटण कडेनं तेल सोडतं आणि पळीला चिकटत नाही. दालचिनी, वेलची, लवंग अख्खीच फोडणीत टाका, पण हात आखडता ठेवा. गरम मसाला जास्त झाला की जर्दाळूचा वास मरतो.

जर्दाळू न ओळखता वापरणं

बाजारात दोन अगदी वेगळ्या वस्तू एकाच नावानं मिळतात. एक लहान, तपकिरी, सुरकुतलेला, बी असलेला जर्दाळू. लडाख आणि अफगाणिस्तानकडून येतो तो हाच. दुसरा मोठा, मऊ, झगझगीत केशरी, बी काढलेला, बहुतेक तुर्कस्तानचा. तो केशरी रंग टिकवायला त्याला गंधकाची धुरी दिलेली असते. पहिला रात्रभर भिजवावा लागतो. भिजल्यावर तो फुगतो आणि रश्शात आपला आकार धरून राहतो. दुसरा गरम पाण्यात अर्धा तासही पुष्कळ झाला. तो चवीला जास्त आंबट असतो आणि दहा मिनिटांत विरघळू लागतो. या रश्शासाठी मी बीवालाच निवडेन. केशरीच हाताशी असेल तर तो अगदी शेवटी घाला आणि सिरका निम्मा करा.

भिजवलेलं पाणी फेकू नका, त्यात निम्मी चव असते. मात्र ते तसंच ओतूही नका. उन्हात वाळवलेल्या फळाला बारीक रेती असते आणि ती तळाशी बसते. फडक्यातून गाळून घ्या. रस्सा पातळ करायला साध्या पाण्याऐवजी हेच वापरा.

बिया फोडून आतला गर सजावटीला घालायची पद्धत आहे. बदामासारखा लागतो. त्याआधी एक कण चाखून बघा. लडाखच्या रक्त्से कार्पो या जातीचा गर गोड असतो. याच जातीच्या जर्दाळूला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण बऱ्याच जर्दाळूंचा गर कडू निघतो. त्या कडूपणाच्या मुळाशी अमिग्डालिन नावाचं द्रव्य असतं, आणि त्यापासून पोटात सायनाइड तयार होतं. कडू लागला की थुंका आणि सगळ्या बिया टाकून द्या. भाजून खाऊ, दोनच खाऊ, मुलांना एखादा देऊ, असं काहीही करू नका.

प्रमाण सांगायचं तर अर्धा किलो मटणाला पंधरा-सोळा जर्दाळू पुरतात. ‘जास्त घातले तर जास्त छान’ हा हिशेब इथे लागू होत नाही. मटण बोटानं दाबलं की तुटेल इतकं शिजल्यावरच ते घाला, आणि त्यानंतर पळी जपून फिरवा.

आंबट-गोड आधीच घालणं

सिरका सुरुवातीला घातला की त्याचा वास उडून जातो आणि नुसता आंबटपणा मागे राहतो. पारशी घरांत उसाचा सिरका वापरतात, गडद रंगाचा. नवसारीचा त्यासाठी नावाजलेला. तो असेल तर दोन चमचे. बाटलीवर ‘सिंथेटिक’ छापलेला पांढरा सिरका असेल तर एकाच चमच्यानं सुरुवात करा, कारण त्याला धार असते, गोलाई नसते. बिनकल्हईच्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात सिरका घालूच नका.

गुळाचा सुपारीएवढा खडा शेवटच्या पाच मिनिटांत, सिरक्याबरोबर. त्याआधी जर्दाळूनं रश्शात किती गोडवा सोडलाय ते चाखायचं. कधीकधी गुळाची गरजच नसते.

रस्सा फार गोड झाला तर पाणी वाढवू नका, त्यानं सगळंच मिळमिळीत होतं. थोडं मीठ, अर्धा चमचा सिरका आणि एक उभी चिरलेली हिरवी मिरची घालून दोन मिनिटं उकळा. मीठ कमी असलं तरी गोड जास्त जाणवतं, म्हणून ते आधी बघा. फार आंबट झाला तर गुळाचा चुरा चिमटीचिमटीनं घाला.

काही घरांत बटाट्याच्या किंवा गाजराच्या जाड फोडी रश्शातच घालतात. तिथेही सिरका आधी पडला तर फोडी तासभर कडकच राहतात, कारण आंबटात कंदमुळं मऊ पडत नाहीत. फोडी आधी शिजू द्या. रताळं मात्र टाळा. जर्दाळूबरोबर ते फारच गोड होतं.

सल्लीची हेळसांड

सल्ली म्हणजे काडेपेटीच्या काडीएवढ्या बारीक बटाट्याच्या सळ्या, कुरकुरीत तळलेल्या. मऊ आणि गोड रश्शावर तो खारट कुरकुरीतपणा नसेल तर पदार्थ अर्धाच.

सल्ली काळपट तांबडी होते आणि कडवट लागते, त्याला बहुतेक वेळा बटाटा जबाबदार असतो, तेल नव्हे. शीतगृहात ठेवलेल्या बटाट्यात पिष्टाची साखर होत जाते आणि तळताना तीच करपते. बटाटा फ्रिजमध्ये ठेवला की घरीही हेच घडतं. भाजीवाल्याला वेफर्सचा बटाटा मागा. मिळाला नाही तर एक सळी तळून रंग बघा आणि मगच बाकीचा किसा.

किसलेल्या सळ्या पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायच्या. पिष्ट राहिलं की त्या एकमेकींना चिकटून गोळा होतो. मग सुती पंचावर पसरून, वरून दुसऱ्या फडक्यानं टिपून, किमान पंधरा मिनिटं कोरड्या होऊ द्या. ओल्या सळ्या तेलात सोडल्या तर तेल उसळून वर येतं, हात भाजण्याची वेळ येते.

घाणा लहान काढा, मूठभराचा. मोठ्या घाण्यानं तेल गार पडतं आणि सल्ली तेल पिते. सुरुवातीला बुडबुड्यांचा गलका होतो. तो जवळपास थांबला आणि झाऱ्याला सळ्या खडखडू लागल्या की आतलं पाणी गेलं असं समजा. रंग फिकट सोनेरी असतानाच काढा, बाहेर आल्यावर तो एक छटा चढतो. मीठ तळल्यावर, गरम असतानाच भुरभुरवा.

पाहुणे पानावर बसण्याआधी सल्ली रश्शावर पसरून ठेवू नका. वेगळ्या वाडग्यात द्या, ज्यानं त्यानं आपल्या ताटात घ्यावी.

बोटी आदल्या दिवशी केली तर जास्त मुरते. गॅस बंद केल्यापासून दोन तासांच्या आत ती फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी जर्दाळूंनी रस्सा शोषलेला असतो, तेव्हा अर्धी वाटी गरम पाणी घालून मंद आचेवर पूर्ण उकळी आणा आणि आंबट-गोड पुन्हा एकदा चाखा. सल्ली उरली असेल तर ती घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजबाहेर.